घर पाडू नका, घर उतरवा
जुन्या घराचे सामान नव्या बांधकामात कसे वापरावे



सुगी आटोपली, धान्य घरात आले, की गावात बांधकामाच्या गोष्टी सुरू होतात. कोणाला जुने माळवद काढून स्लॅब टाकायचा असतो. कोणाला कौलारू घराचे पुढचे दोन खण नवे करायचे असतात. कोणाचे घरकुल मंजूर झालेले असते. मग विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती, सळई किती, वाळू किती ब्रास, असा सगळा हिशेब मांडला जातो. पण जे घर आज उभे आहे त्यात किती माल आहे, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

एक दिवस यंत्र बोलावले जाते आणि दोन तासांत घराचा ढीग होतो. आजोबांनी बैलगाडीने आणलेली सागवानी तुळई त्या ढिगात मोडते. कौलांचा चुरा होतो, विटा आणि माती एक होतात. वर तो ढीग उचलून नेण्यासाठी पुन्हा ट्रॉलीचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे माल गेला तो गेलाच, आणि तो घालवण्यासाठी गाठचे पैसेही गेले.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. जुने घर पाडायचे नसते, ते उतरवायचे असते. ज्या क्रमाने घर बांधले, त्याच्या उलट क्रमाने एकेक वस्तू खाली घ्यायची. आणि दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. निघालेले सगळेच सामान पुन्हा घरात घालण्याजोगे नसते. कोणते घरात, कोणते गोठ्यात, कोणते शेतात आणि कोणते कुठेच नाही, हे पारखता आले पाहिजे. त्यात पैसा वाचतो आणि जीवही वाचतो.

आधी वही, मग पहार

काम सुरू करण्यापूर्वी एक वही घ्या आणि घरातून फिरा. खांब किती, तुळया किती व किती लांबीच्या, चौकटी किती, कौले अंदाजे किती, शहाबादी फरशा किती, हे लिहून काढा. मंगळुरी कौले १०० चौरस फूट छपराला साधारण १४० लागतात. मात्र मोजमाप उताराच्या अंगाने घ्या, जमिनीवरून घेऊ नका. ही यादी गवंड्यापुढे आणि सुतारापुढे ठेवा. नव्या दाराखिडक्यांची मापे जुन्या चौकटींवरून ठरवता आली, तर चौकटीचा खर्च तिथेच वाचतो. घर बांधून झाल्यावर जुनी चौकट बसत नाही असे कळले, तर काही उपयोग नाही.

घरकुल योजनेतून बांधणार असाल तर मंजुरी हातात येण्याआधी आणि जागेची पाहणी व फोटो होण्याआधी जुन्या घराला हात लावू नका. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले आहे. एवढ्या घराला जुन्या वाड्यातला मोजका चांगला मालसुद्धा मोठा हातभार लावतो.

शेजाऱ्याची आणि तुमची भिंत सामायिक असेल तर आधी त्याच्याशी बोला. त्याच्या तुळया त्याच भिंतीत अडकलेल्या असतात, हे विसरू नका.

उतरवण्याचा क्रम

काम होळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवावे. निघालेले सामान ठेवायला मोकळी, उंचवट्याची जागा आधीच साफ करून घ्या. मग असा क्रम धरा.

१. वायरमनकडून वीज तोडून घ्या. नळाचे पाणी बंद करा.

२. दारे, खिडक्या, फळ्या, कपाटे काढा. चौकट भिंतीतून सोडवण्यापूर्वी तिला एक तिरपी पट्टी ठोकून ठेवा, म्हणजे ती काटकोनातून सरकणार नाही. भिंतीचे ओझे चौकटीवर असेल तर तिला आत्ता हात लावू नका, भिंत खाली आली की काढा.

३. छपराची कौले आढ्याकडून वळचणीकडे काढत या. ती दोघांतिघांनी हातोहात खाली द्यावीत, फेकू नयेत. दोन्ही उतारांवरची कौले सारखी काढत चला. एकच अंग मोकळे केले तर छप्पर दुसऱ्या अंगाला झुकते.

४. मग रिपा, वासे, आढे आणि शेवटी तुळया.

५. भिंती वरून खाली, एकेका थराने उतरवा. खालून पोखरून भिंत ढकलणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

६. जमिनीची फरशी सर्वांत शेवटी काढा. तोवर तिच्यावर जुने पोते किंवा माती पसरून ठेवा.

माळवदाच्या घराला जास्त सांभाळावे लागते. १० बाय १५ फुटांच्या खोलीवर एक फूट जाडीची माती असेल तर ती दीड ब्रास भरते, आणि तिचे वजन साडेसहा-सात टन होते. एवढे ओझे तुमच्या डोक्यावर आजवर होते! आधी तुळयांना खालून लाकडी टेकू द्या. मग माती पातळ थरांनी, सगळीकडून सारखी काढा. वर एका जागी ढीग करू नका आणि काढलेली माती भिंतीला टेकवून साठवू नका.

सामान पारखून घ्या

कौले : कौल हातात धरून बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर तडा गेलेला आहे. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. एका छापाची कौले एकत्र लावा, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि पाणी झिरपते. शेवाळ ब्रशने आणि पाण्याने घासून काढा. कौले आडवी न रचता काठावर उभी रचा. फुटतूट धरून दहा टक्के कौले जास्तीची ठेवा.

लाकूड : जुने सागवान मुरलेले असते, नव्यापेक्षा कमी वाकते. पण डोळे मिटून घेऊ नका. टोच्या किंवा जाड खिळा घेऊन लाकडात जागोजागी रोवून बघा. सहज आत गेला, भुसा निघाला, तर तिथे वाळवी किंवा कीड आहे. तुळईची भिंतीत गेलेली टोके हमखास आधी कुजतात, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. दोन्ही टोके फूटफूट कापून टाकली, तर १० फुटांच्या तुळईतून ८ फूट निकोप लाकूड मिळते. मोठ्या खणाला ते पुरणार नाही, पण चौकटीला, पोटमाळ्याला, गोठ्याच्या छपराला उत्तम. सर्व खिळे उपटून घ्या, नाहीतर करवतीचे दात जातात. लाकूड जमिनीपासून फूटभर उंच, सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा. खांबाखालचे दगडी उथळे टाकू नका. नव्या पडवीच्या खांबांखाली तेच बसवा, म्हणजे खांबाच्या बुडाला ओल लागत नाही.

विटा : मातीत किंवा चुन्यात जोडलेल्या विटा करणीच्या कडेने सहज साफ होतात. सिमेंटमध्ये जोडलेल्या विटा सोडवताना अर्ध्याअधिक तुटतात, त्यांच्यामागे फार वेळ घालवू नका. दोन विटा एकमेकींवर आपटा, आवाज धातूसारखा आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर टाकली तर वीट फुटता कामा नये. एक वीट कोरडी तोला, एक दिवस-रात्र पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाणी प्यायली तर ती भिंतीच्या कामाची नाही. पांढरा लोणा फुटलेल्या विटा घरात घेऊ नका, नवे प्लास्टरही त्या सोडवतील. चांगल्या विटासुद्धा जोडाईआधी भिजवून घ्या.

शहाबादी फरशी : एका कोपऱ्यातून पहारीने हलके उचलत चला. वरची बाजू झिजली असेल तर पाठ घासून तीच वर आणता येते. गोठ्यात घालायची असेल तर खरबरीत बाजू वर ठेवा, गुळगुळीत फरशीवर जनावर घसरते. गोठ्याच्या जमिनीला मूत्रनालीकडे दर १० फुटांना ३ इंच उतार द्या.

लोखंडी पत्रे : जुन्या पत्र्याची भोके पन्हळीच्या माथ्यावर असतील तरच तो छपराला घ्या, आणि भोकांना डांबरी वॉशर घाला. पन्हळीच्या खोलगटात भोके असतील तर पाणी गळणारच. असा पत्रा कडब्याच्या गंजीला आडोसा म्हणून वापरा.

दगड घ्या, पण जुनी भिंत घेऊ नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. भूकंपाने जमीन हलवली, पण बहुतेक माणसे मेली ती घराखाली सापडून. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. अशा भिंतीला आतून आणि बाहेरून दगडाचे दोन थर असतात आणि मध्ये मुरूम, चिपा नि माती भरलेली असते. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोट काढते आणि वरचे ओझे खाली येते.

दगड तेव्हाही वाईट नव्हता आणि आजही नाही. वाईट होती ती रचना. म्हणून जुन्या घराचा काळा दगड जरूर वापरा, पण पाया आणि जोते यासाठी पहिल्यांदा वापरा. तिथे तो शंभर वर्षे टिकेल. वरच्या भिंतीलाही दगडच वापरायचा असेल तर गवंड्याला पुढील गोष्टी बजावून सांगा.

भिंतीची जाडी दीड फुटापेक्षा जास्त नको. गोल गोटे तसेच बसवू नका, फोडून सपाट तोंड काढा. आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत गुंतला पाहिजे, मध्ये पोकळ भर नको. भिंतीच्या दोन्ही अंगांना पोचणारा लांब दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतात, तो उंचीत दर २ फुटांना आणि लांबीत दर ४ फुटांना आलाच पाहिजे. जुने घर उतरवतानाच असे लांब दगड निवडून वेगळे ठेवा. एरवी कामाच्या वेळी सापडत नाहीत आणि गवंडी तसाच पुढे जातो. जोडाई सिमेंटची करा. जोत्यावर, दाराच्या माथ्यावर आणि छपराखाली आरसीसीचा अखंड पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवा. पेटीला दोरी आवळावी तसा तो घराला धरून ठेवतो.

आणखी एक. जुन्या मातीच्या जोडाईच्या भिंती तशाच ठेवून त्यांवर नवा स्लॅब टाकण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. भिंतीचे पैसे वाचतात असे वाटते. पण माती ओल धरते, दगड सुटलेले असतात, आणि स्लॅबचे ओझे जड. असा स्लॅब टाकू नका. भिंती ठेवायच्याच असतील तर छप्पर हलके करा, कौलाचे किंवा पत्र्याचे, आणि भिंती मजबूत कशा करायच्या ते जाणकार अभियंत्याला दाखवून ठरवा.

हे सामान पुन्हा वापरू नका

गंजलेली सळई : जुना स्लॅब फोडून निघालेली, वाकडी झालेली सळई ठोकून सरळ करून नव्या स्लॅबमध्ये घालू नका. गंजाने ती आतून बारीक झालेली असते आणि वाकवून सरळ केल्याने कमजोर होते. वेलवर्गीय भाज्यांच्या मांडवाला किंवा कुंपणाला तिचा चांगला उपयोग होतो.

सिमेंटचे जुने पत्रे : या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा फोडला, कापला किंवा कोरडाच झाडला तर ते डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे छातीत जातात आणि अनेक वर्षांनी फुप्फुसाचे असाध्य आजार होतात. पत्रे पाण्याने ओले करून, न फोडता, अखंड खाली घ्या. त्यांचे तुकडे रस्त्यात, जोत्यात किंवा विहिरीजवळ भरू नका. नव्या घरात किंवा गोठ्यातही पुन्हा बसवू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवा आणि त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते ग्रामपंचायतीत विचारा.

जुना रंग लागलेले लाकूड : पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असायचे. रंगात शिशाचे प्रमाण अत्यल्प ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली आला. म्हणून जुन्या दाराचा रंग दिव्याने जाळून काढू नका, आणि कोरडा घासून धूळही उडवू नका. ओला करून खरवडा आणि खरवड गोळा करून मुलाबाळांपासून दूर ठेवा. असे लाकूड चुलीत घालू नका. त्याची गव्हाणही करू नका, कारण जनावरे चाटतात. गव्हाणीच्या लाकडाला गाडीचे जळके ऑइल लावण्याची पद्धतही सोडून द्या. त्यातले विष जनावराच्या पोटात जाते.

गोळे झालेले सिमेंट : काम संपल्यावर उरलेली गोणी तीन महिन्यांत वापरा. त्यानंतर तिचा जोर कमी होत जातो. गोळे धरलेले सिमेंट चाळून भिंतीला वापरणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

उरलेला मलबा कुठे जिरवायचा

विटांचे रोडे आणि दगडाच्या चिपा नव्या जोत्याच्या भरावात घाला. सहा-सहा इंचांचा थर, पाणी आणि धुम्मस, असे करत चला. त्यात लाकडाचा तुकडा, चिंधी, गवत जाऊ देऊ नका. ते कुजून जमीन खचते आणि वाळवीला घर मिळते. काँक्रीटचे तुकडे गाडीवाटेच्या चिखलाच्या जागी टाका. उरलेले मोठे दगड ओघळीवर अनघड दगडी बांध घालायला कामी येतात. माती वाहून जाण्याचे थांबते. पण मलबा ओढ्यात किंवा पडक्या विहिरीत ढकलू नका. पावसाळ्यात तेच पाणी गावाला प्यायचे असते.

भिंतीची माती चाळून, गव्हांडा मिसळून, पाणी घालून चार-आठ दिवस मुरवली की गोठ्याच्या किंवा कोठीच्या मातीकामाला पुन्हा तयार होते. वाळवी लागलेली माती मात्र घेऊ नका. ही माती शेतात पसरण्याआधी तिचा नमुना माती परीक्षणासाठी पाठवा. जुन्या भिंतींत क्षार साठलेले असतात, ते शेतात गेले तर फायद्याऐवजी तोटा.

आता घराचा मलबा आणि शेत यांची गाठ कशी घालायची ते पाहा. पुसदचे नारायण पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, त्यांनी घालून दिलेले कंपोस्टचे टाके बऱ्याच जणांना माहीत आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच आणि ९ इंची भिंतीत हवेसाठी भोके. त्याला हजाराच्या आसपास विटा लागतात. घराच्या भिंतीला न चालणाऱ्या, कोपरे उडालेल्या विटा इथे चालतात. जोडाई मातीची, फक्त वरचा थर सिमेंटचा. टाके भरताना काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती असे थर द्यावे लागतात, आणि एका टाक्याला पावणेदोन टनांच्या आसपास माती लागते. क्षार, चुना आणि काचेचे तुकडे नसलेली भिंतीची माती इथे कारणी लागते. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार होते.

जपून काम करा

जुन्या भिंतींत विंचू आणि साप हमखास असतात. दगड हाताने न उचलता आधी पहारीने हलवा. पायात बूट, हातात जाड मोजे, नाकातोंडाला ओला रुमाल आणि डोक्याला शिरस्त्राण असावे. विंचू किंवा साप चावलाच तर मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लहान मुलांना आणि जनावरांना कामाच्या जागेपासून लांब ठेवा. वादळी वारा सुटला, वळीव आला, तर अर्धवट उतरलेल्या भिंतीजवळ थांबू नका.

हिशेब करा, मगच ठरवा

काही जण म्हणतील, हे सगळे करायला मजुरी किती जाईल? प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर तुमच्याच अंगणात मिळेल. एका माणसाला एक दिवस विटा साफ करायला लावा. संध्याकाळी चांगल्या विटा मोजा. तेवढ्या विटांची बाजारातली किंमत, गाडीभाड्यासह, एका बाजूला लिहा आणि त्याची मजुरी दुसऱ्या बाजूला. कौलांचे आणि लाकडाचेही असेच करा. जिथे मजुरी जास्त होईल ते सोडून द्या. जिथे पैसा वाचेल ते नेटाने करा. घरची माणसे शेतीच्या रिकाम्या दिवसांत हे काम करणार असतील तर हिशेब आणखी तुमच्या बाजूने झुकतो.

"मलबा फुकट उचलून नेतो, सामान आमचे" असे सांगणारा कोणी दारात आला, तर आधी आपली वही उघडा. तुळया, चौकटी, फरशा यांची किंमत लावा आणि मगच हो किंवा नाही म्हणा.

तर बंधू-भगिनींनो, यंदा घराला हात घालणार असाल तर या आठवड्यात एवढेच करा. वही घ्या, घरातून एक फेरी मारा आणि यादी करा. काही अडले तर आपल्या शेती कार्यक्रमाला पोस्टकार्ड टाका. त्यात घर माळवदाचे आहे की कौलारू, भिंत कशाची आहे आणि किती जाड आहे, हे जरूर लिहा, म्हणजे उत्तर नेमके देता येईल.